तुम्ही विचारलंत म्हणून: चीनमध्ये शाकाहारी माणसानं खायचं काय?

ग्वांगझूच्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापार जत्रेला, किंवा यीवू शहराच्या घाऊक बाजारात खरेदीला निघालेल्या ओळखीच्यांचा फोन आला की व्हिसा आणि विमानाचं बोलणं दोन मिनिटांत उरकतं. मग आवाज जरा खाली येतो. "आम्ही शाकाहारी, भाषेचा गंध नाही. तिथे खायचं काय?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. हॉटेलात कुणालाही शाकाहार समजावत बसू नका, थेट पदार्थ मागा. "मांस नको" म्हटलं की स्वयंपाकी मोठे तुकडे काढून टाकतो. चिमूटभर खिमा, सुकी कोळंबी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर ही त्याच्या हिशेबी फक्त चव असते, त्यात फसवणूक नसते. परतलेल्या फरसबीवर आपण निर्धास्तपणे हात मारतो, पण तिच्यात बऱ्याचदा डुकराचा खिमा असतो. मापो तोफूतही, म्हणजे तिखट रश्श्यातल्या सोया पनीरमध्येही, खिमा असतोच. सूप तर हाडांचंच धरून चाला.

त्यापेक्षा 'दी सान श्यान' मागवा. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून सॉसमध्ये घोळवलेली असते. पदार्थ मूळचा ईशान्य चीनचा, पण मोठ्या शहरांत सहज मिळतो. दुसरा आंबट-तिखट बटाट्याचा कीस, व्हिनेगर आणि लाल मिरची घालून झटपट परतलेला. तो कचकचीत लागतो. कच्चा राहिला म्हणून परत पाठवू नका, तो तसाच खातात. लसूण घातलेली ठेचलेली काकडी आहेच, आणि अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं कुठेही मिळतं. ही नावं फोटोंसकट चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. सोबत काय चालत नाही याची यादीही हवी, आणि तिच्यात डुकराची चरबी विसरू नका.

हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात जिन्नस शिजवून खायच्या जेवणाला, बोलावलं तर जरा सांभाळून. छोंगछिंगच्या लालभडक रश्श्याची चव मुळात गोमांसाच्या चरबीची असते, आणि वरून पाहून ते ओळखता येत नाही. मधे पडदी असलेलं भांडं मिळतं. त्यातल्या एका कप्प्यात मश्रूमचा रस्सा घ्या, मात्र त्यात चिकन नाही ना, हे लिहून विचारा.

लिहूनच, कारण मँडरिन म्हणजे तिथली प्रमाण चिनी भाषा, आणि सुरानुसार शब्दाचा अर्थ बदलणारे तिचे चार सूर चार दिवसांत जमत नाहीत. शिवाय ग्वांगझूत घरोघरी कँटोनीज बोलतात, तरी लिहिलेलं तेच वाचतात, म्हणून एक चिठ्ठी बीजिंगलाही चालते. आकडेही बोटांवर आपल्यासारखे मोजत नाहीत: अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. यीवूत भाव कॅल्क्युलेटरवर होतो, ते बरं.

फोनची तयारी इथूनच करा. तिथल्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतात. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून घ्या आणि अलीपे या पैसे देण्याच्या ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. मेन्यू पुष्कळदा टेबलावरच्या क्यूआर कोडमध्ये असतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून भाषांतर करायचं.

निवांत जेवायचं असेल तर बौद्ध मंदिरांची भोजनालयं गाठा. शांघायचं गोंगदलिन हे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी उपाहारगृह १९२२ पासून आहे. बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे जैन मित्रांना मी आधी अशा जागा सांगते. कंदमुळं मात्र असतात. मेन्यूत 'बदक' दिसलं तर दचकू नका, ते सोयाचं असतं. आपल्याकडच्या एकादशीसारखे तिथे चांद्रमासाचे पहिला आणि पंधरावा हे दिवस पाळणारे लोक आहेत, त्या दिवशी अशा ठिकाणी गर्दी असते. म्हणूनच यजमानाला "धर्मामुळे खात नाही" म्हटलं की लगेच पटतं. "आवडत नाही" म्हणाल तर तो आग्रह करत राहील.

आणि मेजवानीत भात शेवटी येतो, तोही मागितला तर. तुमची मदार भातावर असेल तर बसल्या बसल्याच "मीफान" सांगून टाका. शेंगदाण्याची चटणी सोबत न्या. तूप, श्रीखंड किंवा ताजी फळं नेऊ नका, दुधाच्या बहुतेक पदार्थांना आणि ताज्या फळांना तिथल्या कस्टमची मनाई आहे. उकळतं पाणी स्टेशनात, रेल्वेच्या डब्यात फुकट मिळतं, तेव्हा इन्स्टंट पोह्यांची चार पाकिटं खुशाल टाका.