मयत सभासदाचे नाव

माझ्या बाबांचे निधन जानेवारीत झाले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी आईला सभासद करून घेण्यासाठीचा छापील अर्ज माझ्या हाती दिला. बाबांनी नामनिर्देशन आईच्याच नावे करून ठेवलेले असल्यामुळे त्यात गुंतागुंत अशी काहीच नव्हती. मी तो अर्ज निळ्या फोल्डरमध्ये घालून घोडबंदर रस्त्यावरच्या माझ्या घरी आणला आणि तो भरून परत गेला जूनच्या शेवटच्या आठवड्यात. फार तर अर्ध्या तासाचे काम, त्याला मला साडेचार महिने लागले.

मी आळशी नाही, हे स्वतःच्या बचावासाठी नव्हे, तर मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून सांगते. मी हिशेब तपासनीसांच्या कार्यालयात काम करते. दर महिन्याच्या २० तारखेच्या आत पक्षकारांची जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे माझे काम आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत माझ्यामुळे कोणाला विलंबशुल्क भरावे लागलेले नाही. त्या साडेचार महिन्यांत घरातही मी रिकामी बसले नव्हते. मसाल्यांच्या बरण्या घासून झाल्या, माळ्यावरची रद्दी गेली, मुलीच्या जुन्या वह्या इयत्तेप्रमाणे लागल्या. फोल्डर टीव्हीखालच्या कपाटात आहे हे आठवले, की मला नेमके घरातले दुसरे कोणते तरी उपयुक्त काम दिसत असे. टाळाटाळ नेहमी लोळत पडूनच केली जाते असे नाही. माझी तर पदर खोचून चालली होती.

याच काळात टाळाटाळीविषयी मी पुष्कळ वाचलेही, आणि ते वाचन हासुद्धा अर्ज न भरण्याचाच एक प्रकार होता, हे कबूल करायला हवे. त्यातले एक म्हणणे मात्र मनात घर करून राहिले. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे मांडले, की टाळाटाळ हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून भावना सावरण्याचा प्रश्न आहे. काम समोर आले की जी भावना उठते ती आपल्याला नको असते, म्हणून आपण काम दूर सारतो. त्या क्षणी बरे वाटते, आणि ते बरे वाटणेच पुढच्या वेळी पुन्हा तसेच वागायला शिकवते. हे वाचल्यावर मी स्वतःला प्रथमच सरळ प्रश्न विचारला, की या अर्जातले मला नेमके काय नको आहे?

कारण बाबांच्या मागची इतर कामे मी चुटकीसरशी केली होती. महानगरपालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणल्या, बँकेतले खाते बंद केले, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे दिली. तीही कामे सुखाची नव्हती, पण तिथे खिडकीपलीकडचा माणूस संगणकावर लिहीत होता आणि मी फक्त आईला सहीची जागा दाखवत होते. सोसायटीचा अर्ज मात्र हाताने भरायचा होता, आणि त्याच्या पहिल्याच पानावर एक रकाना होता: ‘मयत सभासदाचे नाव’. त्यापुढे बाबांचे नाव माझ्या अक्षरात लिहायचे होते. मला बाराखडी ज्यांनी गिरवायला लावली, त्यांचे नाव त्या शब्दांपुढे. अवघड काय ते एवढेच होते. बाकीचा अर्ज हा निव्वळ कारकुनी मजकूर होता.

नकोशा कामातला नकोसा भाग बहुतेक वेळा असा मूठभर असतो, असे आता मला वाटते. आयकर विभागाच्या नोटिशीला उत्तर देणे कोणी महिनोन्‌महिने टाळतो, तेव्हा त्याला आकडेमोडीचा कंटाळा नसतो. तो लिफाफा फोडण्याचे भय असते. दाताच्या डॉक्टरांकडे जायचे टाळणाऱ्याला अनेकदा दुखण्यापेक्षा ‘इतके दिवस का आला नाहीत?’ या प्रश्नाची धास्ती असते. ‘काम लहान तुकड्यांत वाटून घ्या’ हा सल्ला म्हणून मला अपुरा वाटतो. तुकडे कितीही पाडले, तरी तो नकोसा कण कोणत्या तुकड्यात आहे हे ठाऊक नसेल, तर सगळेच तुकडे तितकेच जड वाटतात.

मुदतीचा धाकही होताच. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, नामनिर्देशित व्यक्तीने सभासदाच्या मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणजे आमच्या हाती जुलैपर्यंतचा वेळ होता. पण मुदतीने माझे काम झाले नाही, उलट अपराधीपणा वाढला, आणि अपराधीपणामुळे फोल्डर अधिकच नकोसा झाला. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले होते, की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. आपल्याकडे स्वतःला बोल लावणे हे सद्‌गुणात मोडते, त्यामुळे हे मला प्रथम पटले नाही. तरी एका रात्री मी ‘झाले ते झाले’ असे मनाशी म्हणून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोल्डर कपाटातून निघून माझ्या ऑफिसच्या पिशवीत गेला.

पुढची युक्ती पीटर गॉल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाची. त्याने आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहायला सांगितला होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला, आणि ज्यांनी ठरवले नाही त्यांच्यापैकी जेमतेम एक-तृतीयांश जणांनी. मी ठरवले: रविवारी, आईकडे, चारचा चहा झाला की कप विसळण्याआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आणि तो रकाना सर्वांत शेवटी.

त्या रविवारी पाऊस कोसळत होता. आईने भागपत्र काढून ठेवले होते: प्रत्येकी पन्नास रुपयांचे पाच शेअर. भागपत्राचा क्रमांक, सदनिकेचा क्रमांक, आईचे वय, पत्ता असे सारे दहा-पंधरा मिनिटांत भरून झाले. मग पेन थांबले. आईने माझ्याकडे पाहिले, कागद स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, “आण इकडे. अर्ज माझा आहे ना? मग मीच लिहिते.” तिने सावकाश, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात नाव लिहिले, आणि सवयीने त्याच्या आधी ‘श्री.’ घातले. ‘कै.’ लिहायला हवे का, असे तिने मला विचारले. मी नको म्हटले. सेक्रेटरी काकांनीही अर्ज वाचताना तिथे क्षणभर थांबून, काही न बोलता, पोच दिली.

साडेचार महिने मी ज्या ओझ्याला एकटीचे समजत होते, ते मुळात माझे नव्हतेच, आणि ज्यांचे होते त्यांना ते पेलत होते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. इतरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने दुःख वाचवत बसणे, हीही माझी एक जुनी खोड आहे.

विजेचे बिल अजून बाबांच्याच नावाने येते. महावितरणकडे अर्ज करू का, असे मी विचारले, तेव्हा “राहू दे गं वर्षभर,” असे आई म्हणाली. ही टाळाटाळ नव्हे. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, आणि या दोहोंतला फरक मला हल्ली पोटातून कळतो, कारण बिल पाहिल्यावर माझी नजर दुसरीकडे वळत नाही.

हक्कसोडपत्राचे मात्र खरेच राहिले आहे. नामनिर्देशनाने आई सोसायटीची सभासद झाली, तरी घरात वारस म्हणून दादाचा आणि माझा हिस्सा उरतोच, आणि तो आईच्या नावे सोडायचा तर दस्त रीतसर नोंदवावा लागतो. दस्ताचा मसुदा तयार आहे. दादाशी हा विषय काढण्याचे पहिले वाक्य तेवढे मला सुचत नाही. तो गणपतीत पुण्याहून येईल, तेव्हा दुसऱ्या दिवशी, आरती झाली की प्रसाद वाटण्याआधी, असे मी ठरवून ठेवले आहे.