ग्रास यलोंची ओळख : पावसाळा सरतानाची नोंद

टाकळा माजला की त्यावर ग्रास यलो ही पिवळी फुलपाखरं इतकी घिरट्या घालतात, की सगळीच 'कॉमन' या एकाच जातीची म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. खरी अडचण अशी की ही मंडळी पंख मिटूनच बसतात. पुस्तकातल्या चित्रात ठसठशीत दिसणारी वरची काळी किनार रानात सहसा दिसत नाही. म्हणून आता सुरुवात पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूपासून करतोय.

तिथल्या सेलमधले, म्हणजे पंखाच्या बुडाकडून निघणाऱ्या, शिरांनी वेढलेल्या मोठ्या कप्प्यातले, ठिपके मोजायचे. दोन असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट, एकच असेल तर वन-स्पॉट. स्मॉल आणि स्पॉटलेसमध्ये एकही नाही. मोजणी चुकते ती दोन कारणांनी. सेलच्या टोकाला एक वेगळी खूण असते, ती सगळ्यांतच असते. ती धरली की कॉमनचं थ्री-स्पॉट होतं. दुसरं म्हणजे, बसल्यावर पुढचा पंख मागे ओढला जातो आणि सेलचा बुडाकडचा भाग मागच्या पंखाखाली झाकला जातो. तेव्हा तीनाचे दोन दिसतात. बसल्या बसल्या लगेच काढलेला, पंख अजून पुढे असतानाचा फोटो म्हणूनच मोलाचा. कॅमेरा पंखाला समांतर ठेवा आणि एक्स्पोजर (फोटोत येणारा प्रकाश) पाऊण-एक स्टॉप खाली आणा. उन्हात पिवळा रंग जळाला की फिकट ठिपके गेलेच.

ठिपके दिसलेच नाहीत तर मागच्या पंखाची कड बघायची. कॉमनची मधे किंचित कोन करते, थ्री-स्पॉटची सरळ गोलाकार असते. पण हा पुरावा जोडीला घ्यायचा, एकट्यावर विसंबू नये. उन्हाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत वरची किनार पंखातून आरपार दिसते: कॉमनमध्ये पिवळा रंग काळ्यात खोल घुसलेला, स्मॉलमध्ये किनारीची आतली कड बऱ्यापैकी सलग.

स्पॉटलेस कोरड्या हंगामात सोपं. पुढच्या पंखाचं टोक चौकोनी कापल्यासारखं, मागच्या पंखावर खालून दोन समांतर तांबूस रेषा. पावसाळी रूपात या रेषा पुसट होतात, तेव्हा घाई नको.

जागा फक्त शक्यता सांगते. माळरानावर, गवताळ उतारावर स्मॉल आणि स्पॉटलेस; थ्री-स्पॉट झाडीत, वन-स्पॉट दाट ओलसर जंगलात. कॉमन कुठेही. ओढ्याकाठी चिखलपानाच्या, म्हणजे ओल्या मातीतले क्षार शोषायला जमलेल्या, घोळक्यात तर कॉमन आणि थ्री-स्पॉट शेजारीशेजारी सापडतात; एकाची ओळख पटली म्हणून अख्ख्या घोळक्याला तेच नाव देऊ नये.

अळ्या मिळाल्या तर वादच मिटतो. बहाव्यावर कॉमन आणि थ्री-स्पॉट दोन्ही येतात. कॉमन एकेक सुटं अंडं घालतं, अळीचं डोकं हिरवं. थ्री-स्पॉट झुबक्याने घालतं. अळ्या काळ्या डोक्याच्या आणि घोळक्याने खाणाऱ्या, कोषही जवळजवळ. हे दिसेपर्यंत शंकास्पद फोटो 'ग्रास यलो, जात अनिश्चित' म्हणूनच नोंदवतोय.