बाळाच्या डोक्यावरचं टेंगूळ आणि घरभर हात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले ती बाळंतपण उरकूनच सासरी जायचं, असं आधीच ठरलं होतं. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, नववा महिना, बाहेर ४४ डिग्री. बाकीच्या माहेरवाशिणी निंबाला बांधलेल्या झोक्यावर, आणि मी खाली खाटेवर पाय सोडून बसलेली. सण होऊन दहा-बारा दिवस झाले आणि कळा सुरू झाल्या.

पहिलटकरीण होते. सोळा तास गेले. शेवटी बाळाचे ठोके मंद व्हायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी व्हॅक्यूम लावला. म्हणजे बाळाच्या डोक्याला वाटीसारखा कप बसवतात, आतली हवा ओढून तो घट्ट धरतो, आणि आपल्या कळेबरोबर बाळाला बाहेर घेतात. मुलगी झाली, ३ किलो १०० ग्रॅम. रडली जोरात. मी तिला पाहिलं ते आधी डोकंच पाहिलं. लांबुडकं, मागे निमुळतं, वर कपाची जांभळी गोल खूण आणि टाळूपासून मागेपर्यंत फुगलेलं. बोट टेकवलं की मळलेल्या कणकेसारखा खड्डा पडायचा.

"हे कॅपूट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कळांमध्ये डोकं अडकून दाबलं जातं, कातडीखाली पाणी साचतं. दोन-तीन दिवसांत उतरेल." आणि खरंच तसंच झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्मं, तिसऱ्या दिवशी डोकं जवळजवळ गोल. आम्हाला सुट्टी मिळाली. कार्डावर वजन, तारीख, व्हिटॅमिन के दिल्याची नोंद, लसी, सगळं होतं. घरी गेल्यावर डोक्याकडे रोज नजर ठेवा, एवढं वाक्य मात्र कुणी बोललं नाही. तिथल्या बायांनी माझी फार काळजी घेतली, पण हे एक वाक्य मला अजून टोचतं.

कारण घरी आल्यावर पहिल्याच आंघोळीला दुसरं टेंगूळ सापडलं.

न्हाऊ घालायला येणाऱ्या आक्का पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, पोर त्यांच्या पायांवर पालथी. तेलाचा हात डोक्यावरून फिरवता फिरवता थांबला. उजव्या बाजूला, कानाच्या जरा वर आणि मागे, उकडलेलं अंडं मधून कापून ठेवावं तसा उंचवटा. कातडीचा रंग नेहमीचाच. दाबलं तर खड्डा पडत नव्हता, आत पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागत होतं. आक्का शांत. "काही नही व्हस माय, तेल लाईसन दाबी देसू, बठी जाई." आक्कांनी निम्म्या गावाची पोरं न्हाऊ घातलेली, डोकी चोळून गोल केलेली. त्यांच्या अंगठ्याखालून मी पोर अक्षरशः ओढून घेतली. पहिल्यांदाच त्यांच्याशी मोठ्यांदा बोलले.

घरात मग आधी चौकशी सुरू झाली ती कुणी पाडलं याची. जे सूज म्हणून दवाखान्यात दाखवलं ते तर उतरलं होतं, मग हे नवीन कुठून आलं? आदल्या संध्याकाळी माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने तिला मांडीवर घेतलं होतं, पाच मिनिटं, तेही भिंतीला टेकून. तेवढं पुरलं. बिचारा कोठीच्या खोलीत जाऊन बसला, जेवायलाही येईना.

दुसऱ्या दिवशी चोपड्याला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिला उघडी करून टेबलावर ठेवली आणि बराच वेळ नुसतं डोकं चाचपत राहिले. टाळू, दोन्ही कानांच्या मागे, मानेपर्यंत. टेपने डोक्याचा घेर मोजला, ३४ सेंटिमीटर. दोन्ही हात-पाय सारखे हलतात का पाहिलं. मग म्हणाले, "पाडलंबिडलं नाही कुणी. हे जन्माच्या वेळचंच आहे. सेफॅलोहिमॅटोमा."

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बाळाची कवटी एकसंध नसते, तुकडे असतात आणि मध्ये शिवणी. प्रत्येक हाडावर एक पातळ पापुद्रा चिकटलेला असतो. बाळ बाहेर येताना ओढाताण होते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि हाड व पापुद्रा यांच्या मध्ये रक्त साचतं. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर तव्यावरची भाकरी आली. पापुद्रा सुटतो, भाकरी फुगते, पण फुगते ती काठापर्यंतच, शेजारच्या भाकरीवर जात नाही. तसं हे टेंगूळ त्या एका हाडापुरतं राहतं, शिवण ओलांडत नाही. पहिल्या दिवसाची सूज कातडीच्या लगेच खाली होती, म्हणून ती सगळ्या डोक्यावर पसरली होती. रक्त हळूहळू पाझरतं, त्यामुळे हे टेंगूळ जन्मतः दिसत नाही, काही तासांनी, एक-दोन दिवसांनी वर येतं. आमच्याकडे तर पहिल्या सुजेखाली ते झाकलेलं होतं.

मी तिथूनच घरी फोन लावला आणि आईला म्हटलं, आधी त्या पोराला जेवायला घाल.

"मग सुईने काढून टाका ना," यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही. आतलं रक्त बंद जागेत आहे, सुई घातली की बाहेरचे जंतू आत नेले. पू झाला तर आज नसलेलं दुखणं उद्या उभं राहील. शेकायचं नाही, चोळायचं नाही, पट्टी बांधायची नाही. आपोआप जिरेल, पण दिवसांत नाही, आठवड्यांत. कुणाचं दोन-तीन आठवड्यांत, कुणाचं तीन महिने.

एका तिसऱ्या प्रकाराबद्दलही त्यांनी सांगितलं, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलला. कधीकधी रक्त त्या पापुद्र्याच्या वरच्या थरात उतरतं. तिथे त्याला अडवायला शिवण नसते. सूज डोकंभर पसरते, लिबलिबीत लागते, बाळाची कूस बदलली की सरकते, कानामागे आणि मानेपर्यंत उतरते, कान पुढे ढकलल्यासारखे दिसतात. बाळ पांढरं पडतं, सुस्त होतं. व्हॅक्यूमच्या बाळांत ते जास्त दिसतं आणि बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांतच लक्षात येतं. "असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी निघायचं." आमचं ते नव्हतं. तरी पुढचे आठ दिवस मी उठल्या उठल्या तिचे कान बघायचे.

निघताना ते म्हणाले, टेंगळाकडे कमी बघा, रंगाकडे जास्त बघा. ते साचलेलं रक्त शरीर मोडून शोषून घेणार, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होणार आणि नव्या बाळाच्या यकृताला एवढं काम झेपत नाही. कावीळ येऊ शकते.

आली. पाचव्या दिवशी सकाळी वडील ओट्यावरून म्हणाले, "पोर पिवयी दिखी ऱ्हायनी." आमच्या बाळंतिणीच्या खोलीत दार लावलेलं, खिडकीला गोधडी, साठचा पिवळा बल्ब. तिथे सगळंच पिवळं, मला काय दिसणार? ओट्यावर उजेडात नेऊन नाकावर बोट दाबून सोडलं तर खालची कातडी हळदीसारखी. छाती तशीच, पोटही. शिवाय रात्रीपासून ती प्यायला उठतच नव्हती.

घरात तीन मतं झाली. आईचं, सकाळच्या कोवळ्या उन्हात धरू. मे महिन्यात आमच्याकडे सात वाजताचं ऊनही कोवळं नसतं. फुईचं, म्हणजे आत्याचं, काविळीची माळ आणू, ती डोक्यावर ठेवतात. आमच्या डोक्यावर जागा कुठे होती? तिसरं मत माझं, आणि आम्ही माझ्या मताने निघालो. खरं सांगायचं तर वडिलांनी आधीच गाडी सांगून ठेवली होती.

बिलिरुबिन २०.६. वजन २ किलो ८५०. लगेच निळ्या उजेडाखाली ठेवली. नुसता लंगोट आणि डोळ्यांवर काळी पट्टी. मला तो उजेड पाहून फार कसंतरी झालं, वाटलं भाजेल. सिस्टर म्हणाल्या, याच्यात उन्हातल्यासारखे जाळणारे किरण नाहीत. उजेड कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो, ते विरघळतं आणि शी-शूतून जातं. म्हणून पाजणं हेसुद्धा औषधच. दर दोन तासांनी उठवायचं, तळपायाला टिचक्या मारायच्या, कानाची पाळी चोळायची, ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. हिरवट पातळ शी व्हायला लागली तेव्हा मी घाबरले आणि सिस्टर खूश झाल्या. ३६ तासांनी आकडा १२.९ वर आला. घरी सोडलं, दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, वाढलं नव्हतं.

घरी आलो तर आशाताई दारात. त्यांच्या सहा भेटी असतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. त्यांनी झोळीच्या काट्यावर वजन केलं, टेंगूळ पाहिलं आणि पहिलं वाक्य आक्कांना उद्देशून बोलल्या, "न्हाऊ घाला, पण हा भाग सोडून." माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. आक्का तेव्हापासून त्या बाजूला पाणीसुद्धा ओंजळीने सोडायच्या.

मग काहीच करायचं नव्हतं, आणि तेच जड गेलं. बारशाला प्रत्येक बाई कुंची वर करून बघायची, "अरे देवा" म्हणायची आणि एक उपाय सांगायची. निवडुंगाचं पान, बिब्बा, गरम विटेचा शेक. बिब्बा! मी कालनिर्णयावर दर रविवारी लिहायला लागले: अंडं. अंडं. लिंबू.

तिसऱ्या आठवड्यातली एक रात्र अजून आठवते. पाजताना हात डोक्यावर गेला आणि बोटं खड्ड्यात गेली. टेंगळाचा काठ टणक, वाटीच्या कडेसारखा, आणि मधला भाग मऊ. मला वाटलं कवटीला भोक पडलंय. रात्री एकला डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उचलला, त्यांचे उपकार. काठ आधी कडक होतो, म्हणून मध्ये खड्डा असल्याचा भास होतो, हाड खाली शाबूत आहे. लाल झालं, गरम लागलं, ताप आला किंवा एकाएकी वाढलं तर या. यातलं काही नव्हतं.

लिंबू. बोर. मग दोन रविवार मी लिहायचंच विसरले.

श्रावणात कानबाईच्या सणाला शिरपूरला सासरी गेलो. पोर पावणेतीन महिन्यांची, रोटाचा वास, घरभर भाऊबंद. चुलत सासूबाईंनी तिला घेतलं, कुंची काढली आणि डाव्या बाजूला हात फिरवत राहिल्या. "कोनता बाजूले व्हतं वं?" मी उजवीकडे बोट ठेवलं आणि मलाही ते पुन्हा चाचपून शोधावं लागलं.