तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी खाली का नाही घेतली

घरची पाच जणांची क्रॉसओव्हर. तिच्या सस्पेन्शनवर, म्हणजे चाकं आणि बॉडी यांच्यामधल्या स्प्रिंग-शॉकअपवर, पैसे घातले, आणि तरी ती पूर्वीच्याच उंचीवर उभी आहे. म्हणून मला दोन्हीकडून विचारतात. नातेवाईक म्हणतात, "फॅमिलीच्या गाडीला हे कशाला?" गाड्यांचं वेड असलेले मित्र म्हणतात, "केलंसच, तर गाडी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग का नाही टाकल्यास? बॉडी रोल तर आहे तेवढाच आहे." आजवर घाईघाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

रोल, म्हणजे वळणावर गाडीचं एका बाजूला कलणं, आहे तेवढाच आहे, हे खरं. ठरावीक वेगात ठरावीक वळणावर गाडी किती कलणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून कलणं रोखणारी दांडी) ठरवतात. शॉकअप ठरवतो ती तिथवर किती झपकन जाणार आणि परत येताना किती हेलकावणार. मी चारही शॉकअप बदलले, सोबत त्यांना वर बॉडीशी जोडणारी माउंट आणि बंप स्टॉपर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ज्यावर टेकतं तो ठोकळा. स्प्रिंग कंपनीच्याच ठेवल्या. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि मला ते दाखवायचंही नव्हतं.

हे सगळं कुंभार्ली घाटामुळे झालं.

गणपतीला गुहागरला निघालो होतो. पुढे मी आणि बाबा, मागे आई, बायको आणि मुलगी, डिकी वरपर्यंत भरलेली. कोयनानगर मागे टाकून घाट उतरायला लागलो तेव्हा पाऊस रिमझिम होता. वेग चाळिशीच्या आसपास. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारा पहिल्यांदा वेगच विचारतो. एका डाव्या वळणात, ऐन मध्यावर, डांबर उखडून खडी वर आली होती. मागचं उजवं चाक तिथल्या खड्ड्यात आदळलं. भरल्या गाडीच्या मागच्या स्प्रिंग आधीच दबलेल्या असतात, त्यात वळणामुळे बाहेरची बाजू आणखी दबते. उरलेली थोडी हालचाल त्या दणक्यात संपली आणि सस्पेन्शन बंप स्टॉपरवर बसलं. अशा वेळी स्प्रिंग असून नसल्यासारखी. त्या एका टायरवर एकदम भार येतो, टायरची पकड सुटते आणि मागची बाजू बाहेर सरकते. तशी ती सरकली. ईएसपीचा, म्हणजे घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकला, गाडी ओळीत आली, पण दबलेली स्प्रिंग उलटताना तिला आवरायची ताकद शॉकअपमध्ये उरली नव्हती. मागची बाजू उसळली, बसली, पुन्हा उसळली. समोरून एसटी चढत होती. तिच्या ड्रायव्हरनं बस पार कडेला दाबली म्हणून आम्ही निघालो.

कुणाला खरचटलंही नाही. जागा दिसली तशी गाडी थांबवली. मुलीला उलटी झाली होती. आईनं तिचं तोंड धुतलं, पाणी पाजलं आणि मला म्हणाली, "पोफळीला उतरव आम्हाला. आम्ही दोघी एसटीनं येतो." बाबा म्हणाले, "अगं, झालं ते झालं, आता काय." तिनं उत्तर दिलं नाही. पोफळी येईपर्यंत ती वरचं हँडल धरून बसली होती, आणि तिथं नातीला घेऊन खरंच चिपळूणच्या एसटीत चढली. मी त्या बसच्या मागोमाग चिपळूणपर्यंत आलो. गाडीत कुणीच बोललं नाही.

हे ज्यांना माहीत नाही त्यांनी 'हौस' हा शब्द वापरला की मला राग येतो.

परत आल्यावर वर्कशॉपमध्ये सांगितलं गेलं, "शॉकअप लीक नाहीत, ओके आहेत." तेल गळत नाही म्हणजे शॉकअप चांगला, असं नाही. आतले व्हॉल्व हळूहळू सैल होतात आणि रोज चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही. मग ज्यानं त्यानं रबरी बफर सुचवले, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे. त्यानं मागची बाजू दबत नाही, मान्य. पण स्प्रिंग कडक होते आणि शॉकअप जुनाच राहतो, म्हणजे जी उसळी मला नको होती तीच वाढायची.

लोअरिंग स्प्रिंगचं तेच, उलट्या दिशेनं. गाडी तीस मिलिमीटर खाली घेतली की चाकाला वर जायची तेवढी हालचाल कमी झाली, आणि कुंभार्लीत माझी नेमकी तीच संपली होती. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात. त्यात लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, कोन बिघडला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीचा गुरुत्वमध्य जितका उतरतो त्यापेक्षा जास्त खाली जातं, दोघांतलं अंतर वाढतं, आणि कलण्याची ओढ उलट वाढते. मग ती रोखायला आणखी कडक स्प्रिंग. स्पीड ब्रेकरवर पोट घासणं वेगळंच. आणि गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत चालणार नाही, असं स्पष्ट केलं. उद्या विमा कंपनीशी वाद घालायची माझी तयारी नाही.

बसवताना एका गोष्टीसाठी मात्र मी हटून बसलो. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पक्के करायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर, मगच. नाहीतर सांध्यातल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट, आणि भरल्या गाडीसाठी दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली टायरची हवा. ही हवा फुकट मिळते आणि फरक भरपूर पडतो.

आता मागच्या अँटी-रोल बारबद्दल. दोन वर्षांपूर्वीचा मी तो डोळे झाकून लावला असता. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, 22 मिलिमीटरच्या जागी 24 चा घेतला तर सुमारे चाळीस टक्के. मागे असा बार लावला की पुढची चाकं वळणात बाहेर कमी ओढतात, गाडी नाकानं वळते. त्या वेळच्या माझ्या म्हणण्यात तथ्य होतं, आजही आहे. पण मागचा बार कडक म्हणजे मागची पकड आधी सुटणार, आणि ओल्या घाटात मागची बाजू सुटली की काय होतं ते मी पाहिलंय. त्यावर मनातला तो जुना मी म्हणतो, ती स्टॉपरमुळे सुटली होती, बारमुळे नव्हे. हेही बरोबर आहे. रोल कमी झाला तर मुलीला कमी मळमळेल, हा त्याचा आणखी एक मुद्दा. मी म्हणतो, मळमळ संथ, लांबट हेलकाव्यांनी होते, आणि वळणावरचे ते हेलकावे बारपेक्षा माझ्या स्टिअरिंगवर आणि ब्रेकवर जास्त अवलंबून असतात. दोघांपैकी कुणीच मागे हटत नाही.

गाडी आता खड्ड्यावर एकदाच दबते आणि बसते. बायकोला फरक जाणवला. आई एक्स्प्रेस वेवर बिनधास्त झोपते, पण कुंभार्लीचं नाव काढलं की अजून एसटीचं वेळापत्रक विचारते. बार मी घेतलेला नाही. या पावसाळ्यात भरल्या गाडीनं तोच घाट उतरून बघणार आहे, आई आली तर तिला घेऊन, आणि मग ठरवीन.