गुळव्याचा मोजा

पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणून माझ्याकडे आलं ते पक्षाघाताच्या एका चाचणीचं काम. एका गटाला नेहमीचे व्यायाम. दुसऱ्या गटाचा चांगला हात मोज्यात घालून दुबळ्या हाताला कामाला लावायचं. पद्धत नवी नाही. अमेरिकेतल्या ‘एक्साइट’ चाचणीत २२२ रुग्ण होते आणि २००६ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा फायदा दिसला होता. तिथे दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा! आपल्याकडे कोण घालून घेणार, असं मला वाटायचं.

त्या दिवशी करवीर तालुक्यातल्या एका गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्याच्या घरी मोजमाप होतं. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, चिठ्ठीत नेहमीच्या व्यायामांचा गट निघालेला. हाताच्या हालचालींना ६६ पैकी गुण देणाऱ्या सहकारी मॅडमना गट कळू नये, म्हणून मी आधी आत गेले. काका सोप्यात बसलेले, डाव्या हातात क्रिकेटचा मोजा आणि उजव्या हाताने शेंगा सोलणं चाललेलं.

“अवो ताई, फिजिओच्या बाकावर एक बाई भेटलीती,” मावशी म्हणाल्या. “तिच्या मालकाला घालत्यात म्हणं. मग आमच्यास्नी का न्हाई?”

फिजिओ म्हणून मला आनंद झाला. संशोधक म्हणून मी कपाळाला हात लावला. कारण रुग्णाने घरी काहीही केलं, तरी तो चिठ्ठीतल्या गटातच मोजायचा. काकांचा सुधारलेला हात ‘नेहमीच्या व्यायामां’च्या खात्यात जमा. त्यांना तिकडून इकडे हलवावं, तर खटपटी मावश्यांचे नवरे सगळे एकाच गटात गोळा होतील आणि चिठ्ठ्या टाकण्याला अर्थच उरणार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत, भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांमध्ये, घरच्यांना शिकवून करवून घेतलेल्या पुनर्वसनाचा नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही. तिथल्या नेहमीच्या उपचारांच्या गटातही अशा मावश्या असतील का?

“काढू व्हय?” मावशींनी विचारलं. काढा म्हणायचा मला अधिकार नव्हता. चालताना, न्हाणीत तेवढा घालू नका, तोल गेला तर चांगला हात मोकळा हवा, एवढं सांगितलं. मोजा फडताळात गेला, मॅडम आत आल्या.

संध्याकाळी गटांच्या सरमिसळीची नोंद केली. पुढच्या रुग्णांसाठी दोन्ही गटांचे वार वेगळे ठेवले. आठवडी बाजारात भेटतील, त्याला इलाज नाही.