'सेरापिस'चं ताम्रचित्र कस्टम्समधून सोडवताना

परदेशातून जुनं ताम्रचित्र (तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यावरून कागदावर छापलेलं चित्र) मागवणार असाल, तर विक्रेत्याला इनव्हॉइसवर '९७०२' हा अशा मूळ छापचित्रांचा कस्टम्स कोड लिहायलाच लावा. माझ्या इनव्हॉइसवर नुसतं 'जुनं चित्र' एवढंच होतं आणि पार्सल अडकून पडलं.

चित्र २३ सप्टेंबर १७७९च्या रात्रीचं. इंग्लंडच्या फ्लॅम्बरो हेडजवळ अमेरिकन नौदलाच्या जॉन पॉल जोन्सच्या 'बॉनोम रिशार' जहाजाने ब्रिटिशांची युद्धनौका 'सेरापिस' जिंकली, ती लढाई. मूळ रंगचित्र रिचर्ड पेटनचं. तांब्यावर कोरलं लेर्पिनिएर आणि फिटलर यांनी. पैसे भरणं, केवायसी, सगळं झटपट झालं.

मग कुरिअर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाचा मेल: हे '४९११', म्हणजे साधं छापील चित्र. फोन केला की दर वेळी नवा माणूस आणि तोच प्रश्न, "छापलेलंच आहे ना सर?" अहो, छापलेलंच आहे, पण कलाकाराने हाताने कोरलेल्या पत्र्यावरून थेट! टॅरिफच्या, म्हणजे कस्टम्सच्या कोड-यादीच्या, ९७व्या प्रकरणाच्या टिपेत हेच लिहिलंय. फक्त यांत्रिक किंवा फोटोच्या पद्धतीने काढलेली चित्रं त्यातून वगळली आहेत. ते पटलं असं वाटेपर्यंत त्यांनी '९७०६' काढलं, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं. तेही चूक. त्याच प्रकरणातल्या आधीच्या कोडात बसणारी वस्तू कितीही जुनी असली तरी ९७०६मध्ये जात नाही. मी टीप जोडून पुन्हा पुन्हा लिहिलं. उत्तर एकच: "वरिष्ठांकडे आहे." अजून आठवलं तरी डोकं तापतं.

सुटका झाली ती फोटोंमुळे. विक्रेत्याकडून तिरप्या उजेडातले फोटो मागवले. पत्र्याच्या दाबाने कागदावर उठलेली चौकट त्यात स्वच्छ दिसते. भिंगातून घेतलेल्या फोटोत सलग कोरलेल्या रेघा दिसतात, ऑफसेटचे, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईचे, ठिपके नाहीत. तळाशी प्रकाशक जॉन बॉयडेलचं नाव आणि १७८० साल आहे. १७३५च्या ब्रिटिश कायद्याने चित्राच्या छपाईचे हक्क राखायला अशी ओळ लागायची. हे फोटो आणि विक्रेत्याचं सहीचं पत्र गेल्यावर ९७०२ मान्य झालं. ही कागदपत्रं माल निघण्याआधीच घ्या.

चित्र हातात आल्यावर फार अभिमान वाटला. त्याच्या मथळ्यात आधी नाव येतं ते 'सेरापिस'च्या हरलेल्या कॅप्टन पिअर्सनचं! त्याने जहाज गमावलं, पण त्याच्या राखणीतला व्यापारी ताफा सुखरूप निसटला. राजाने त्याला 'सर' केलं.

आणि हो, फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका. पत्र्याची चौकट आणि प्रकाशकाची ओळ तिथेच असते.