देल्फिन एर्नोत यांची कारकीर्द : टेलिफोन खात्यातल्या माणसाच्या नजरेतून

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी उमेदीची वर्षे गेली. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की फोनवर खरखर सुरू होई. मग चिऱ्याच्या गडग्याशेजारचा खड्डा उपसून, वर ताडपत्री धरून, ओल आलेल्या तारा एकेक करून पुसायच्या आणि नव्याने जोडायच्या. त्यामुळे टेलिफोनच्या व्यवसायातली एक बाई फ्रान्सच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीची प्रमुख झाली, हे वाचले तेव्हा मला आपल्याच घरातले कोणी मोठे झाल्यासारखा आनंद झाला होता.

देल्फिन एर्नोत यांचा जन्म 1966 मध्ये बायोन येथे झाला. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या नामांकित संस्थेतून अभियांत्रिकी शिकून त्या 1989 मध्ये फ्रान्स टेलेकॉममध्ये रुजू झाल्या आणि पुढे, ऑरेंज झालेल्या त्याच कंपनीच्या फ्रान्समधील कारभाराच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचल्या. ऑगस्ट 2015 मध्ये त्यांनी फ्रान्स टेलिव्हिजन या सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्थेची सूत्रे हाती घेतली. या पदावर नियुक्त झालेल्या त्या पहिल्या महिला. पडद्यावर पन्नाशीपुढच्या गोऱ्या पुरुषांचाच भरणा आहे आणि तो बदलावा लागेल, असे त्यांनी पदभार घेतल्यावर महिन्याभरातच जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर 2016 मध्ये फ्रान्सइन्फो ही वृत्तवाहिनी सुरू झाली. 2017 च्या अखेरीस मात्र शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमांतील कपातीवरून त्यांच्याच पत्रकारांनी त्यांच्यावर अविश्वास व्यक्त केला, आणि माझ्या मते त्या वेळी पत्रकारांचीच बाजू न्याय्य होती.

आमच्या घरी रेडिओच्या परवान्याचे पुस्तक होते. वडील पोस्टात शुल्क भरून त्यावर तिकीट लावून घेत, आणि ऐकण्याचे पैसे आपण भरले आहेत, याचा त्यांना अभिमान असे. फ्रान्समध्ये सार्वजनिक प्रसारणासाठी दर घरामागे 138 युरो असलेले असे शुल्क 2022 मध्ये रद्द झाले आणि त्या जागी मूल्यवर्धित कराचा वाटा आला. प्रेक्षकाने थेट दिलेला पैसा सरकारच्या मर्जीवर कमी अवलंबून असतो, असे मला मनापासून वाटते. अशा अनिश्चिततेत संस्था चालवणाऱ्या एर्नोत यांना 2020 मध्ये दुसऱ्यांदा आणि मे 2025 मध्ये तिसऱ्यांदा नेमण्यात आले; शिवाय 2021 पासून त्या युरोपीय प्रसारण संघ या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

त्यांच्या काळातली एक गोष्ट मला, किनाऱ्यावरचा माणूस म्हणून, अजून खटकते. फ्रान्सच्या समुद्रपार प्रदेशांसाठीची फ्रान्स ओ ही वाहिनी ऑगस्ट 2020 मध्ये बंद झाली. निर्णय सरकारचा होता, हे खरे. पण होडी पाण्यात लोटण्याआधी आकाशवाणीवरचा हवामानाचा इशारा कान देऊन ऐकणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि म्हणून ग्वादलूप, रेयुनियों यांसारख्या बेटांवरची स्थानिक केंद्रे चालू राहिली, हे वाचून मला हायसे वाटले.